नवव्या कडव्यातला थांबा

६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही सगळी ठीक आहोत. ह्यांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण या घरात कुरकुरणारा तो एकटाच नाही. पोरगी परीक्षेच्या तयारीत आहे, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत असते. वहिनींचे डोळे आता कसे आहेत? त्यांचा नवा नंबर कागदावर नीट उतरवून पाठव. मागच्या वेळी तू 'जरा जाड काच' एवढंच लिहिलं होतंस. जाड काच हा नंबर नाही.

दुकानात काच कापायचं नवं यंत्र आलं आहे. फ्रेमचा आकार ते आपणच मोजतं आणि तशी काच कापून देतं. शेवटची कड मात्र मी अजून हातानंच घासते, चाकावर पाणी सोडून. मालक म्हणतात, बाई, यंत्राचा तुमच्यावर विश्वास आहे, तुमचाच यंत्रावर नाही. परवा एक आजोबा नवा चष्मा परत घेऊन आले. मी विचारलं, दिसत नाही का? म्हणाले, फार दिसतं, जुनाच नंबर द्या. मालक हसले. मी त्यांना खुर्ची दिली आणि समजूत घालून नवाच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सवय होईल म्हटलं. होते ना, कशाचीही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. इतका वेळ मी इकडचंतिकडचं लिहितेय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. तुमच्या गावची बैठक आणि आपल्या आत्याच्या लांब्याच्या गावची बैठक मिळून प्रार्थनेचं एकच पुस्तक छापायचं ठरलं आहे. शब्द आपले आणि अक्षरं इथली, कारण पोरांना आपली अक्षरं वाचता येत नाहीत. आजी-आजोबांनी ही प्रार्थना बोटीतून नुसती तोंडात आणली, बाबांनी वहीत उतरवली, आता तुम्ही छापणार. अक्षरं बदललेली बाबांना चालली असती का, हे मला विचारू नकोस. चालली नसती. सोळापैकी पंधरा कडव्यांवर तुमचं एकमत झालं आणि नवव्यावर गाडं अडलं.

नवव्याची पहिली ओळ बाबा एकटे म्हणायचे आणि मग बाकी सगळे. आता ती ओळ कुणीच म्हणत नाही. तिच्या जागी सगळे थांबतात, मान थोडी कलती करून, पाचसहा श्वास. तुमच्याकडे या थांब्यात संपूर्ण शांतता असते. लांब्याकडे थांब्याच्या शेवटी लाकडावर एकदा टकटक करतात. तू म्हणतोस, बाबा गेल्यावर त्यांच्या ओळीची जागा म्हणून आईनं हा थांबा ठेवला, आणि टकटक ही लांब्याची पदरची भर. लांब्या म्हणतो, ती टकटक मी तुमच्याच घरात, मामा हयात असताना, या कानांनी ऐकली आहे. त्यावर तुझा मुद्दा असा, की बाबा हयात असते तर ओळ त्यांनीच म्हटली असती, मग थांबायचं कशाला.

मुद्दा बिनतोड आहे.

मला या थांब्याची मोठी गंमत वाटते. लांब्याकडे म्हणे तळहाताएवढा लाकडाचा ठोकळा आहे, आणि टकटक करायची पाळी यावी म्हणून गेल्या वर्षी दोन बहिणी एकमेकींच्या वेण्या ओढून भांडल्या. त्याच्याकडची तीन घरं पुढे बंदराकडे राहायला गेली. तिथं सभागृह मोठं आहे, मागच्या रांगेला ऐकू जात नाही, म्हणून ते दोनदा टकटक करतात. आता त्यांच्या मुलांना सांगून बघ की मुळात एकदाच होती. तिथले एक निवृत्त शिक्षक सांगतात, हा आपल्या पूर्वजांची बोट धक्क्याला लागल्याचा आवाज. कुणी म्हणतं देव दार वाजवतो. तुझ्या बैठकीतली ती नर्सबाई म्हणते, थांब्यानं छाती मोकळी होते.

आमच्या पोरीला आपल्या भाषेतले धड दहा शब्द येत नाहीत. सोळाच्या सोळा कडवी ती पोपटासारखी म्हणते. पण थांबा आला की डोळे मिटते, मान कलती करते, आणि हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा तू काय करतेस? म्हणाली, ऐकते. काय ऐकतेस? ते माहीत नाही, म्हणाली, सगळेच ऐकतात.

तू लिहितोस, 'आईशेजारी तू बसायचीस. टकटक होती की नव्हती, एका शब्दात कळव. तुझा शब्द दोन्ही बाजूंना मान्य आहे.' दादा, एका शब्दात कळवायचं असतं तर फोन केला असता. पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलवत नाही. तूर्त असं करा, दोन्ही छापा. 'काही ठिकाणी असं, काही ठिकाणी तसं.' पुस्तकात तेवढी जागा असते.

वहिनींना नमस्कार. नंबर विसरू नकोस.

तुझी
धाकटी


२७ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं आणि त्यासोबतचं पाकीटही. वहिनींचा नंबर पोचला. काचा मागवून ठेवल्या आहेत, कापायला फ्रेमची वाट बघते आहे.

तू लिहिलं आहेस ते मी दोनदा वाचलं. दोन्ही गावांच्या एकत्र बैठकीत लांब्या उठून पुन्हा तेच बोलला. मामा तेव्हा आजारी होते, आतल्या खोलीत असायचे, थांबा तेव्हाही होता आणि टकटकही होती. मग तू आईची पत्रं काढलीस आणि चाळीस माणसांपुढे वाचून दाखवलीस. 'ह्यांची तब्येत उत्तम आहे, काल बाजारापर्यंत चालत जाऊन आले.' आणि ते दुसरं, बाबा जायच्या महिनाभर आधीचं, 'रविवारची प्रार्थना नेहमीसारखी झाली, नववं कडवं ह्यांनीच धरलं.' त्यानंतर तू लांब्याला खोटारडा म्हणालास. त्यानं टेबलावरचा ठोकळा उचलून खिशात घातला, आणि त्याची माणसं त्याच्या मागे उठून गेली.

आता पुस्तक तुम्ही एकटेच काढणार, आणि त्याच्या पहिल्या पानावर या दोन पत्रांच्या प्रती छापणार. वाद कायमचा मिटावा म्हणून. त्या प्रती तू मला पाठवल्या आहेस, 'अक्षर नीट उमटलं आहे ना, बघ,' असं लिहून.

उमटलं आहे.

लांब्याचा परवा फोन आला होता. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण आवाज रुसलेल्या पोरासारखा झाला होता. सुरुवातीला हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "तू होतीस तिथं. माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली होतीस. तू एकदा म्हण की मी खोटारडा आहे, मग मी ठोकळा चुलीत घालतो." मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू. गिऱ्हाईक नव्हतं. मालक समोर बसून माझ्याकडेच बघत होते.

ती पत्रं छापू नकोस, दादा. कारण आज विचारू नकोस. छापखान्यात कागद गेले असतील तर थांबव, पुढे सरकू देऊ नकोस.

पत्रं आईची म्हणून तुझ्याकडे आली. अक्षर माझं आहे. आज एवढंच लिहिते.

धाकटी


२० मार्च

दादा,

हे पत्र आधी एकट्यानं वाच. वहिनींना नंतर सांग, किंवा सांगू नकोस.

टकटक होती. लांब्या खरं बोलतो आहे. टकटक बाबांची होती.

सगळं क्रमानं सांगते, म्हणजे मला मधूनच निसटता येणार नाही.

तू घर सोडलंस त्याला पावणेदोन वर्षं झाली होती. बाबांचा नियम तुला सांगायला नको. चपला आणि इथली भाषा दाराबाहेर. तू जेवताना त्या भाषेत एकच वाक्य बोललास, नुसतं मीठ मागितलंस, आणि बाबा म्हणाले, ज्या भाषेत मीठ मागतोस त्या भाषेच्या घरी जाऊन जेव. तू ताट तसंच ठेवून उठलास. नंतर आईला लिहिलंस की बाबा बोलावतील तेव्हाच येईन. बाबा कसले बोलावतात, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं. चौथे बाबा स्वतः.

त्या हिवाळ्यात गोदामात खोकी मोजताना त्यांना झटका आला. उजवा हात आणि पाय गेले. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि इथल्या भाषेत बोलले. आई पलंगाशी उभी होती. ती त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलत राहिली आणि ते तिच्याकडे, रस्त्यात भेटलेल्या परक्या बाईकडे बघावं तसे बघत राहिले. ओळखत होते, हात धरत होते, पण तिचे शब्द त्यांना लागत नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं क्वचित होतं. लहानपणीची भाषा जाते आणि नंतर शिकलेली राहते. का, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. परत येईल का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, वाट बघा.

आम्ही चौदा महिने वाट बघितली. आली नाही.

त्यांच्याकडे उरलेली भाषा गोदामातली होती. साठ-सत्तर शब्द असतील. उचला. सावकाश. इकडून धरा. फुटेल. पाळी संपली. आई त्यांना कुशीवर वळवायची तेव्हा ते म्हणायचे, सावकाश, फुटेल. मी ते आईला आपल्या भाषेत सांगायची. आई म्हणायची, विचार त्यांना, पाठ दुखते का. मी ते त्यांना इथल्या भाषेत विचारायची. तीस वर्षं संसार केलेली दोन माणसं, आणि मध्ये मी बसलेली. आईला इथली भाषा दुकानात बोट दाखवण्यापुरती येत होती. शिकूच दिली नव्हती तिला बाबांनी.

आईला लाज वाटायची. बाबांची नाही, लोक काय म्हणतील त्याची. ज्यानं गावभर पोरांचे कान पिरगाळले, बैठकीत इथला एक शब्द कुणाच्या तोंडून निसटला तर प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली, तो माणूस आता त्याच भाषेत पाणी मागतो. तिनं सगळ्यांना सांगितलं, हृदय कमजोर झालंय, डॉक्टरांनी माणसं भेटायला बंदी केली आहे. लोकांनी मान दिला, आत कुणी गेलं नाही. बैठक मात्र आमच्याकडेच चालू राहिली, पुढच्या खोलीत. आई भिंतीला टेकून बसायची. भिंतीपलीकडे बाबांचा पलंग.

दवाखान्यातून आल्यावरचा पहिला रविवार. आठ कडवी झाली. नवव्याला बाबांची ओळ आली आणि पलीकडून बाबा बोलले. चाल त्यांना कळत होती, दादा. आपली जागा आली हेही कळलं. त्यांनी ओळ धरायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, उचला, उचला. मोठ्यांदा. बैठकीतल्या माणसांना वाटलं, शेजारच्या घरात कुणी सामान हलवतंय. आई थांबली. सगळे थांबले. आई मान कलती करून ऐकत होती. पलीकडे काही नाही. मग तिनं दुसरी ओळ धरली.

त्या संध्याकाळी बाबा रडले. मी त्यांना इथल्या भाषेत समजावलं, तुमची जागा आली की आम्ही थांबू, तुम्ही बोलू नका, भिंतीवर एकदा टकटक करा, म्हणजे तुम्ही म्हटलंत असं होईल. त्यांना पटलं. गोदामात असंच असतं ना, खोकं भरलं की वर टकटक करायची, मग पुढचा माणूस उचलतो. पुढच्या रविवारी थांबा आला आणि डाव्या हाताच्या बोटाच्या पेरानं टकटक झाली. आईचा हात मागे भिंतीला टेकलेला, म्हणून सगळ्यांना वाटलं तीच करते. लांब्यालाही तसंच वाटलं. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी तो नोकरीसाठी तिकडे गेला आणि टकटक सोबत घेऊन गेला.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

आईला तेव्हाही फार कमी दिसायचं. तुला पत्रं ती सांगायची आणि मी लिहायची. सुरुवातीला तिनंच बजावलं, एवढ्यात त्याला कळवू नकोस, भाषा परत येईल मग बोलाव. म्हणून पहिली दोन-तीन पत्रं मी तिच्या सांगण्यावरून खोटी लिहिली. ती तिची.

नंतरची माझी.

बाबा रोज दुपारी, गोदामातली पाळी सुटायच्या वेळेला, दाराकडे बघून एक वाक्य बोलायचे. मी आपल्या भाषेत लिहिते. 'पोराची पाळी संपली का? संपली असेल तर त्याला घरी पाठवा.' रोज. आई विचारायची, काय म्हणतायत? मी पहिल्या दिवशी म्हटलं, पाणी मागतायत. का म्हटलं ते पुढे लिहिते. आईनं पाणी आणलं, बाबा ते मुकाट्यानं प्यायले. दुसऱ्या दिवशीही तेच. आई हुशार होती, तिनं त्यातला 'पोरगा' हा शब्द कानानं टिपला आणि पाणी म्हणून पाठ केला. पेला त्यांच्यासमोर धरून ती इथल्या भाषेत विचारायची, पोरगा? तिला त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येणारा तो एकच शब्द. किती हौसेनं म्हणायची. आणि बाबा पेल्याकडे न बघता दाराकडे बघायचे.

ते मला म्हणाले असते की त्याला निरोप पाठव, तर मी पाठवलाच असता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे ते मलाच सांगत होते. दुसरं कुणी ऐकणारं नव्हतंच. मी त्यांना उत्तर द्यायची, अजून नाही संपली, जादा पाळी करतोय.

आठव्या महिन्यात आई म्हणाली, आता लिही त्याला. बाबा आजारी आहेत, इथलीच भाषा बोलतात, तुझ्याशी बोलतील, एकदा येऊन जा. तिनं सांगितलेला शब्द न् शब्द मला आठवतो. मी तिच्यासमोर बसून लिहिलं, 'ह्यांची तब्येत उत्तम आहे, काल बाजारापर्यंत चालत जाऊन आले.' तेच, जे तू चाळीस माणसांपुढे वाचलंस. तिनं विचारलं, सगळं लिहिलंस? मी म्हटलं, लिहिलं. तिनं पाकिटाची कड बोटानं चाचपली आणि स्वतः जीभ लावून ते बंद केलं.

तुझं उत्तर आलं. नव्या घराला खिडक्या किती आहेत ते तू लिहिलं होतंस. मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, बाबांचं काहीच नाही? मी म्हटलं, नाही. ती उठून भांडी घासायला गेली. तिला वाटलं तू नकार दिलास. त्यानंतर ती बारा वर्षं जगली, तुझ्याकडे येऊनजाऊन राहिली, तुझ्या हातचा चहा प्यायली आणि एका शब्दानं तुला बोलली नाही. तू जे केलंच नव्हतंस त्याबद्दल तिनं तुला माफ केलं होतं.

आता कारण. मला माझ्या शिक्षणाचं वाईट वाटत होतं, ते सुटलं होतं, तू निघून गेल्यामुळे घर माझ्यावर पडलं होतं, हे सगळं खरं आहे आणि ते मी वाटेल त्याला सांगू शकते. पण ते कारण नव्हे. बाबा माझ्याशी कधी फारसे बोलले नव्हते. ते तुझ्याशी बोलायचे, तुझ्याशी भांडायचे, नियम तुझ्यासाठी असायचे. मी मीठ मागितलं असतं तर त्यांच्या लक्षातही आलं नसतं. आणि आता त्या घरात त्यांची भाषा समजणारी मी एकटी होते. सकाळी डोळे उघडले की ते मला शोधायचे. तू आला असतास तर तुम्ही दोघं त्या भाषेत बोलत बसला असतात, आणि मी पुन्हा चहा करायला आत गेले असते. मला तेवढे चौदा महिने हवे होते. मी एकवीस वर्षांची होते. वय सांगितलं म्हणजे सूट मिळेल असं नाही, नुसतं सांगितलं.

तुला तार गेली ती ते गेल्यावर. तू चौथ्या दिवशी पोचलास आणि पाच दिवस राहिलास. त्या पाच दिवसांत मी तुझ्याजवळून हलले नाही. तुला ती बहिणीची माया वाटली, वहिनींनाही तू तसंच सांगितलंस. मी राखण करत होते, कुणी तुझ्याशी एकट्यानं बोलू नये म्हणून. माणसं म्हणत होती, सुटले बिचारे. लोक सगळ्यांबद्दल तेच म्हणतात, म्हणून तू लक्ष दिलं नाहीस. लांब्या तेव्हा आला नव्हता. त्याची तेव्हापासून अशी समजूत होती, की तुला सगळं ठाऊक होतं आणि तू आला नाहीस. इतकी वर्षं तो तुझ्याशी कोरडा वागतो ते त्यामुळे.

त्या रविवारच्या बैठकीत थांबा आला तेव्हा आई सवयीनं थांबली. टकटक झाली नाही. तिनं बराच वेळ वाट बघितली, मग दुसरी ओळ धरली. नंतर तू तिला विचारलंस, हे काय नवीन? ती म्हणाली, बाबांसाठी. तू तेच घेऊन गेलास. चूक कुणाचीच नव्हती. लांब्यानं जे ऐकलं ते नेलं, तू जे पाहिलंस ते नेलंस. पुढे एकदा मी आईला विचारलं, आता कशाला थांबतेस? ती म्हणाली, "थांबले नाही तर पुढचं कडवं आठवत नाही."

या पत्राची प्रत आजच्याच टपालानं लांब्याला पाठवते आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुझं उत्तर येईपर्यंत आणखी एकदा गप्प बसले असते, आणि मला गप्प बसणं फार चांगलं जमतं. तू त्याला चाळीस माणसांपुढे बोललास, तेवढ्याच माणसांपुढे ते मागे घे. हवं तर हे पत्र वाचून दाखव, सगळं. माझी ना नाही.

पुस्तकात काय छापायचं ते तुम्ही दोघं बसून ठरवा. खरं कारण छापलंत तरी मुलं आपापली कारणं शोधतीलच, शोधू देत. बोट धक्क्याला लागल्याचा आवाज हे काही वाईट कारण नाही. आपल्या घरातल्या कारणापेक्षा बरंच म्हणायचं. आईची ती दोन पत्रं मात्र छापू नकोस. नाहीतर खाली लिही, की ही तिनं सांगितलेली नाहीत.

वहिनींचा चष्मा वेगळ्या पार्सलनं येईल. तो त्यांचा आहे, माझ्यावरच्या रागात तो परत पाठवू नकोस.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझ्याकडून मागून घेण्यासारखं नाही, आणि आईनं तुला न मागता दिलं ते मी बघितलं आहे. पण बाबांचा एक निरोप पंचवीस वर्षं माझ्याकडे अडकून पडला आहे, तो तुझा आहे. त्यांनी तुला बोलावलं होतं. तू अट घातली होतीस, बाबा बोलावतील तेव्हाच येईन. ते रोज बोलावत होते, चारशेहून जास्त दिवस, तू मीठ मागितलंस त्याच भाषेत.

निरोप जसाच्या तसा देते. पोराची पाळी संपली असेल तर त्याला घरी पाठवा.

दिला.

तुझी नि त्यांची, मध्ये बसलेली
धाकटी